‘कोन ओळखा’ हा प्रश्न नेमकं काय मोजतो?

एक वर्कशीट डोळ्यासमोर आणा. पानावर सहा आकृत्या आहेत: चौरस, आयत, काटकोन त्रिकोण, समभुज त्रिकोण, समांतरभुज चौकोन आणि सुसम पंचकोन. प्रत्येक आकृतीच्या एका कोपऱ्यात छोटासा कंस काढलाय. वर सूचना आहे, ‘खुणेने दाखवलेला कोन लघुकोन, काटकोन की विशालकोन ते लिहा.’ हे तुम्ही सोडवलंय, मीही सोडवलंय. पाचवी-सहावीतून गेलेल्या जवळपास प्रत्येकाने हे कुठल्या ना कुठल्या रूपात सोडवलेलं असतं.

आज या वर्कशीटची चिकित्सा करू. तुम्ही म्हणाल, आम्ही पेटची तयारी करतोय, संशोधन आराखडा लिहितोय आणि तुम्ही पाचवीचं पुस्तक काय काढून बसलात? कारण असं की आराखड्यात ‘संशोधनाची साधने’ या मथळ्याखाली आपल्यापैकी बरेच जण एक ओळ लिहून मोकळे होतात: ‘संशोधकाने स्वतः तयार केलेली संपादन चाचणी.’ ती चाचणी बहुतेक वेळा अशाच एखाद्या वर्कशीटची धाकटी बहीण असते. मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, निष्कर्ष. पण चाचणीने मोजलं काय, हा प्रश्न तोंडी परीक्षेपर्यंत कोणी विचारतच नाही.

मला तो आधीच विचारला गेला, हे माझं नशीब. तेही एका सहावीतल्या मुलाकडून. त्याने वरच्यासारखं वर्कशीट सोडवलं, सगळं बरोबर. मी सहज कागद थोडा फिरवला, चौरस एका टोकावर उभा राहिला आणि मी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हा कोणता?’ तो म्हणाला, ‘लघुकोन. टोकदार आहे ना.’ मी म्हटलं, ‘आत्ताच तू याला काटकोन म्हणालास.’ तर म्हणाला, ‘तेव्हा तो चौरस होता. आता पतंग झाला.’ भरलेल्या वर्कशीटचा एक गठ्ठा तोपर्यंत माझ्या टेबलावर जमा झाला होता. तो आजही कपाटात आहे. त्याचं एक पानही मी प्रबंधात वापरू शकत नाही.

आधी व्याख्या तपासू

आपण शिकतो ती व्याख्या अंशांची असते. माप ०° पेक्षा जास्त आणि ९०° पेक्षा कमी असेल तर लघुकोन, बरोबर ९०° असेल तर काटकोन, ९०° आणि १८०° यांच्या दरम्यान असेल तर विशालकोन. यात चूक काहीच नाही. पण युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’मध्ये हेच कसं मांडलंय ते बघा. तिथे अंश नाहीतच. दहाव्या व्याख्येत काटकोन येतो. एक सरळ रेषा दुसऱ्या सरळ रेषेवर अशी उभी राहिली की दोन्ही बाजूंचे लगतचे कोन सारखे झाले, तर त्यातला प्रत्येक कोन काटकोन. अकराव्या व्याख्येत काटकोनापेक्षा मोठा तो विशालकोन आणि बाराव्या व्याख्येत काटकोनापेक्षा लहान तो लघुकोन. पुढे चौथं गृहीतक सांगतं की सगळे काटकोन एकमेकांएवढे असतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. काटकोन आधी घडवला जातो आणि बाकी दोघं त्याच्याशी तुलना करून ठरतात. म्हणजे ‘लघु’, ‘विशाल’ ही तुलनेची नावं आहेत. मुलाला कोनाचा प्रकार समजलाय असं म्हणायचं असेल, तर त्याला ही तुलना करता यायला हवी. त्यासाठी कोनमापक लागत नाही. वहीचा फाटका कागद घ्या, एकदा दुमडा, सरळ घडी मिळेल. आता ती घडी स्वतःवरच बरोबर बसेल अशी पुन्हा दुमडा. जो कोपरा तयार झाला तो काटकोन. दुसऱ्या घडीने सरळ रेषेचे दोन सारखे भाग पाडले, म्हणजे युक्लिडची दहावी व्याख्या तुमच्या हातात आली. हा कोपरा कोणत्याही आकृतीच्या कोपऱ्यावर ठेवा. आकृतीचा कोन त्याच्या आत लपला तर लघुकोन, नेमका जुळला तर काटकोन, बाहेर डोकावला तर विशालकोन.

अंशांपासून सुरुवात केली की काय होतं? मूल आकडा शोधायला लागतं. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. ६०° चा कोन चुकीच्या ओळीवर १२०° वाचला जातो आणि समोर निमुळता कोन दिसत असतानाही मूल निवांतपणे ‘विशालकोन’ लिहून पुढे जातं. तुलना पक्की असती तर ही चूक त्याची त्यालाच खटकली असती. आता ही चूक कोन न समजल्याची की उपकरण वाचता न आल्याची? उत्तरपत्रिकेत दोन्ही सारख्याच दिसतात. चिकित्सेतला पहिला मुद्दा हा.

युक्लिडलाही सोडायला नको. त्याच्या अकराव्या व्याख्येत विशालकोनाला वरची मर्यादा नाही. त्याचं तिथे अडत नाही, कारण १८०° किंवा त्याहून मोठ्या मापाला तो कोन म्हणतच नाही. आपल्या अभ्यासक्रमात मात्र सरळ कोन आहे, प्रविशाल कोन आहे. त्यामुळे आपल्याला ती मर्यादा सांगावीच लागते. ती कुठे अडते ते पुढे बघू.

आकृत्यांमध्ये काय काय मिसळलंय?

विज्ञानाचे विद्यार्थी आहात, तर प्रयोगशाळा आठवा. तापमान आणि दाब दोन्ही एकाच वेळी बदलले आणि आकारमान बदललं, तर ते कशामुळे बदललं हे सांगता येत नाही. आपल्या वर्कशीटची तीच गत आहे.

त्यातले तीनही काटकोन अशा आकृत्यांमध्ये आहेत ज्यांचा पाया पानाच्या खालच्या कडेला समांतर आहे. एक भुजा आडवी, एक उभी. म्हणजे ‘काटकोन असणं’ आणि ‘आडवी-उभी रेघ असणं’ या दोन गोष्टी सगळीकडे जोडीने येतात. जे मूल फक्त दुसरी गोष्ट बघतं, त्याला तीनही गुण मिळतात. उरलेल्या तिघांसाठी ‘टोकदार दिसला तर लघु, पसरट दिसला तर विशाल’ एवढा नियम पुरतो. दोन कच्चे नियम आणि सहापैकी सहा. माझ्या त्या मुलाकडे हेच दोन नियम होते. कागद फिरवल्यावर पहिला नियम निकामी झाला आणि त्याने दुसरा लावला. त्याच्या बाजूने बघितलं तर तो पूर्ण सुसंगत वागला. विसंगत होतं ते माझं साधन.

गणित-शिक्षणाच्या संशोधनात यासाठी एक उपयोगी भेद आहे. श्लोमो विनर आणि रीना हर्शकोविट्झ यांनी १९८० मध्ये भूमितीच्या संदर्भात आणि डेव्हिड टॉल व विनर यांनी १९८१ मध्ये अधिक व्यापकपणे तो मांडला. एखाद्या संकल्पनेची शब्दांतली व्याख्या वेगळी आणि त्या संकल्पनेचं नाव ऐकल्यावर मनात उभं राहणारं सगळं चित्र वेगळं. मूल व्याख्या धडाधड म्हणून दाखवतं, पण उत्तर देताना चित्राकडे बघतं. आणि ते चित्र घडतं वारंवार दिसलेल्या आकृत्यांमधून. म्हणजे आपण नेहमी आडवे-उभे काटकोन दाखवतो, त्यातून मुलाचं चित्र तसंच घडवतो आणि मग त्याच आकृत्या चाचणीत देऊन ‘समजलं’ असा शेरा मारतो.

दुसरी मिसळ भुजांच्या लांबीची. कोन म्हणजे दोन भुजांमधलं वळण. भुजा कितीही लांबवल्या तरी कोन तोच राहतो. पण लांब भुजांचा कोन मोठा वाटणं ही मुलांमध्ये नेहमी आढळणारी गैरसमजूत आहे. आपल्या वर्कशीटमध्ये सगळ्या आकृत्या साधारण एकाच आकाराच्या आहेत. म्हणजे ही समजूत चाचणीत कधी उघडी पडूच शकत नाही.

इथे मराठीचा एक खास मुद्दा आहे, माझ्या माहितीतल्या इंग्रजी लेखांत तो येत नाही. आपले शब्द बघा: ‘लघु’ म्हणजे लहान, ‘विशाल’ म्हणजे प्रचंड मोठं. विशाल मैदान, विशाल सागर. हिंदीत याच कोनांना न्यूनकोण, समकोण आणि अधिककोण म्हणतात. ‘न्यून’ आणि ‘अधिक’ म्हटल्यावर ‘कशापेक्षा?’ हा प्रश्न आपोआप येतो, तुलना शब्दातच बसलेली आहे. इंग्रजी शब्दांचा मूळ अर्थ ‘तीक्ष्ण’ आणि ‘बोथट’, म्हणजे तिथे टोकाकडे लक्ष जातं. आपला ‘विशाल’ मात्र आकृतीच्या एकूण पसाऱ्याकडे बोट दाखवतो. मग मराठी माध्यमातलं मूल लांब भुजांच्या कोनाला ‘विशाल’ म्हणण्याची शक्यता जास्त असेल का? हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. पण तपासण्याजोगा आहे. विषय शोधत असाल तर घेऊन टाका.

तिसरी मिसळ नावाची. ‘हा काटकोन का?’ असं विचारल्यावर ‘कारण तो चौरस आहे’ हे उत्तर येतं. तर्क म्हणून ते चूक नाही, चौरसाचे सगळे कोन काटकोनच असतात. पण मग मुलाने कोन बघितला की आकृतीचं नाव आठवलं? ओळखीच्या आकृत्या दिल्या की हे वेगळं करता येत नाही.

चौथी गोष्ट न सांगितलेल्या संकेताची. ‘आकृतीतील कोन’ म्हणजे आतला कोन, हे आपण धरून चालतो. बाणाच्या टोकासारखा आत दबलेला चौकोन घ्या. त्याचे तीन कोन लघु आणि दबलेल्या जागी आतला कोन १८०° पेक्षा मोठा, म्हणजे प्रविशाल. समजा लघुकोन ३०°, ४०° आणि ३०° आहेत, तर चौथा २६०°. मूल तिथे बाहेरून बघून १००° चा ‘विशालकोन’ सांगतं. युक्लिडच्या व्याख्येप्रमाणे गेलो तर ते बरोबरच ठरेल! वरच्या मर्यादेचा मुद्दा इथे अडतो. आपल्या वर्कशीटमध्ये अशी एकही आकृती नाही, त्यामुळे संकेत कळलाय की नाही हे कळायला मार्गच नाही.

शेवटी नुसता नशिबाचा भाग. तीन पर्याय, सहा प्रश्न. काहीही न कळणारं मूल सरासरी २ उत्तरं बरोबर देईल. सहापैकी चार किंवा जास्त नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ७३/७२९, म्हणजे साधारण १०%. स्वतः करून बघा, द्विपद वितरणाचं सोपं गणित आहे. ‘चार गुण म्हणजे प्रभुत्व’ अशी रेघ तुम्ही मारली असेल, तर ती रेघ पुरेशी वर नाही.

‘मग व्हॅन हीले लावू या’

इतकं वाचल्यावर बी.एड., एम.एड. केलेल्यांना व्हॅन हीले आठवले असतील. दीना व्हॅन हीले-गेल्डॉफ आणि पिएर व्हॅन हीले हे डच दांपत्य. दोघांनी १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केले. भूमितीचा विचार पाच पातळ्यांनी चढतो, असं त्यांच्या मांडणीचं सार आहे. आधी आकृती एकूण रूपावरून ओळखणं, मग तिचे गुणधर्म वेगळे काढणं, मग गुणधर्मांचे एकमेकांशी संबंध लावणं, मग रीतसर सिद्धता आणि शेवटी गृहीतकांच्या व्यवस्थांचाच अभ्यास. (पातळ्यांचे क्रमांक कुठे ० ते ४, तर कुठे १ ते ५ असे येतात. संदर्भ देताना कोणते वापरताय ते लिहा, नाहीतर परीक्षक गोंधळतील.)

या चौकटीतून बघितलं तर आपलं वर्कशीट फक्त पहिल्या पातळीचा प्रश्न विचारतं. दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर जायचं तर असे प्रश्न हवेत:

दोन विशालकोन असलेला त्रिकोण काढा. (काढता येत नाही. तीन कोनांची बेरीज १८०°, दोन विशालकोनच त्यापुढे जातात. म्हणून प्रत्येक त्रिकोणात किमान दोन लघुकोन असतातच.)

नेमके तीन काटकोन असलेला चौकोन काढा. (तीन झाले की चौथा आपोआप काटकोन होतो, कारण ३६०° मधून २७०° गेले.)

एका चौकोनात तीन विशालकोन असू शकतात का? (हो. १००°, १००°, १००° आणि ६०°.)

कुठेही आत न दबलेल्या बहुभुजाकृतीत जास्तीत जास्त किती लघुकोन असतील? (तीनच, मग बाजू शंभर का असेनात. आतला कोन लघु असेल तर त्याचा बाहेरचा कोन ९०° पेक्षा मोठा, आणि बाहेरच्या सगळ्या कोनांची बेरीज ३६०°. असे चार बसणारच नाहीत.) पाच टोकांच्या ताऱ्यात मात्र पाच लघुकोन दिसतात. नियम मोडला का? नाही, कारण तारा पाच ठिकाणी आत दबलेला आहे.

गंमत बघा, विषय तोच आहे: लघु, काट, विशाल. पण इथे चित्र ओळखून भागत नाही. ‘काढता येत नाही’ हे म्हणण्यासाठी कारण लागतं.

तरीही, व्हॅन हीले म्हटलं की चिकित्सा संपली असं समजू नका. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात दोन पानं पातळ्यांचं वर्णन आणि चौथ्या प्रकरणात ‘इतके टक्के विद्यार्थी पहिल्या पातळीवर’, हा साचा मी बऱ्याचदा वाचलाय. शिकागो विद्यापीठात झालमन उसिस्किन यांच्या प्रकल्पात १९८२ मध्ये २५ बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी आली, प्रत्येक पातळीचे पाच प्रश्न. पाचपैकी तीन बरोबर आल्यावर पातळी गाठली म्हणायचं की चार, याने मुलाची पातळी बदलू शकते. १९८६ मध्ये बर्गर आणि शॉनेसी यांनी मुलाखतींमधून काम केलं. काही विद्यार्थी दोन पातळ्यांच्या मध्ये हेलकावत होते आणि त्यांना एका खणात बसवणं कठीण गेलं. १९९१ मध्ये गुटिएरेझ, हायमे आणि फोर्टुनी यांनी एकच पातळी देण्याऐवजी प्रत्येक पातळी किती प्रमाणात आत्मसात झाली हे मोजायची पद्धत सुचवली. म्हणून ‘हा मुलगा पहिल्या पातळीवर आहे’ असं लिहिण्याआधी ‘या प्रश्नावर, या आकृतीबाबत त्याने पहिल्या पातळीचा विचार वापरला’ असं लिहा. वाक्य लांबेल, पण खरं राहील.

वर्कशीटच्या बाजूनेही दोन शब्द

चिकित्सा म्हणजे फक्त दोष काढणं नव्हे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात, ‘नावं लक्षात आहेत का’ एवढंच बघायचं असेल तर हे वर्कशीट चांगलं आहे. शिक्षिकेला त्यातून उद्या काय घ्यायचं ते कळतं आणि चुकलं तर परवा सुधारता येतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्याच कागदावरून आपण ‘संकल्पना आकलन झाली’ असा दावा करतो आणि तो प्रबंधात कायमचा छापला जातो. साधनाची सप्रमाणता साधनाला कायमची चिकटलेली नसते. त्यावरून कोणता दावा करताय, त्यावर ती ठरते. तज्ज्ञांच्या सह्या घेतल्या की सप्रमाणता झाली, हा समज सोडून द्या. माझ्या वर्कशीटवरही सह्या होत्या.

दुरुस्ती कशी केली?

कोनाचं माप तेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलली. तोच काटकोन तीन वेगवेगळ्या दिशांना फिरवून दिला. तोच ५०° चा कोन एकदा आखूड आणि एकदा लांब भुजांनी दिला. लांब भुजांचा ५०° आणि आखूड भुजांचा ११०° शेजारी ठेवून ‘मोठा कोणता?’ विचारलं. ८५° आणि ९५° चे कोन दिले, पण सोबत कागदाची घडी वापरायची मुभा दिली, कारण ते नुसत्या नजरेने ओळखता येणं ही वेगळीच क्षमता आहे आणि मला ती मोजायची नव्हती. एक आत दबलेली आकृती घेतली. एक ‘काढून दाखवा’ असा अशक्य प्रश्न घातला. प्रत्येक उत्तराखाली ‘कशावरून?’ साठी दोन रिकाम्या ओळी ठेवल्या आणि उत्तराचे गुण वेगळे, कारणाचे गुण वेगळे धरले.

एक तांत्रिक सूचना. झेरॉक्स काढताना पान लहान-मोठं केलं तर कोन बदलत नाहीत, सगळ्या लांब्या एकाच प्रमाणात बदलतात. पण संगणकावर आकृती पानात बसवण्यासाठी फक्त आडवी ताणलीत, तर तिरक्या रेघांचे कोन बदलतात आणि फिरवलेला काटकोन काटकोन राहत नाही. छापून आल्यावर प्रत्येक आकृती एकदा घडीच्या कोपऱ्याने तपासा. हे मी छपाईनंतर शिकलो.

आता तुमचं काम. विषय भूमितीचा असो, रसायनशास्त्रातल्या बंधांचा असो की व्याकरणाचा, तुमच्या चाचणीतला प्रत्येक प्रश्न समोर घ्या आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: ‘संकल्पना न समजता हे उत्तर कसं बरोबर येईल?’ मार्ग सापडला तर तो बंद करणारा दुसरा प्रश्न जोडा. नाहीच सापडला, तर त्या वयाचं एक मूल शोधा, त्याच्यासमोर बसा आणि कागद थोडा फिरवा. हे सगळं माहिती गोळा करायला निघण्याआधी करा. नंतर केलंत, तर कपाटात एक गठ्ठा वाढतो.